अडगळ, कॅमेरा आणि किंमत : प्रस्तावना

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवरचे दूरचित्रवाणी कार्यक्रम हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे, असे कुणाला सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'ते सगळं आधीच ठरवलेलं असतं ना?' विचारणाऱ्याला उत्तर नको असते, दुजोरा हवा असतो. दुजोरा मिळाला की विषय संपतो. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना माझी पहिली विनंती अशी, की हा प्रश्न टाकून देऊ नये, पण त्याच्या पोटातले प्रश्न सुटे करून घ्यावेत. समोर आलेली वस्तू बनावट असते, की ती घेऊन येणाऱ्याने सांगितलेली कहाणी? घासाघीस लुटुपुटूची असते, की शेवटी पडद्यावर झळकणारा आकडा? की या सगळ्याला साक्ष राहणारा तज्ज्ञच आतून सामील असतो? यांतले एक खोटे निघाले म्हणून बाकीचे आपोआप खोटे ठरत नाही; आणि एक खरे निघाले म्हणून बाकीच्यांना निर्दोषत्वाचा दाखला मिळत नाही. एवढी फोड केली की निव्वळ करमणुकीचा वाटणारा हा प्रकार बाजार, कायदा, समाजशास्त्र आणि चित्रभाषा या सगळ्यांच्या वाटेवर येतो.

क्षेत्राचा परिसर आधी थोडक्यात पाहू. बीबीसीचा 'अँटिक्स रोडशो' १९७९ मध्ये सुरू झाला. गावात तज्ज्ञांचा मुक्काम पडायचा, लोक पिशव्यांतून, गोधड्यांत गुंडाळून घरातल्या वस्तू आणायचे आणि त्यांची माहिती व अंदाजे किंमत ऐकायचे. अमेरिकेत त्याच नावाची आवृत्ती १९९७ पासून पीबीएसवर दिसू लागली. या कार्यक्रमांत खरेदी होत नव्हती, फक्त पारख होत होती. पारखीकडून खरेदीकडे मोठी उडी पडली ती २००९-१० मध्ये. जुलै २००९ मध्ये लास वेगासच्या एका गहाण-पेढीवरचा 'पॉन स्टार्स', जानेवारी २०१० मध्ये आयोवातल्या दोन भंगारशोधकांचा 'अमेरिकन पिकर्स' आणि त्याच वर्षी डिसेंबरात थकबाकीदारांच्या कोठारांच्या लिलावावरचा 'स्टोरेज वॉर्स' असे तीन कार्यक्रम दीड वर्षाच्या आत आले. २००८ च्या पडझडीनंतरचा तो काळ होता. घरातल्या अडगळीत चार पैसे दडले असतील ही आशा तेव्हा अमेरिकी प्रेक्षकाला नुसती रंजक नव्हती, गरजेचीही होती, असे माझे मत आहे. वाहिन्यांच्या बाजूचे कारण साधे : नट नाहीत, नेपथ्य नाही, खर्च कमी. भारतात हे कार्यक्रम २०११ नंतर हिस्ट्री टीव्ही१८ वरून घरोघरी पोचले आणि लास वेगासचा दुकानदार हिंदीत भाव पाडू लागला. आपल्यातल्या अनेकांची या विषयाशी ओळख त्या डब केलेल्या आवाजातूनच झालेली आहे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सुरुवात अशा प्रसंगापासून करणे बरे, जिथे फसवणूक न्यायालयात सिद्ध झाली. अमेरिकी 'रोडशो'च्या पहिल्याच हंगामात एका माणसाने यादवी युद्धाच्या काळातली तलवार आणली. लहानपणी आपण ती कलिंगड कापायला वापरत होतो, असे त्याने सांगितले. तज्ज्ञाने चकित होऊन तिची किंमत ३५,००० डॉलर सांगितली. प्रसंग इतका गोड होता की वाहिनीने तो प्रचारातही वापरला. पुढे उघड झाले, की तो माणूस तज्ज्ञाच्या ओळखीचा होता आणि कलिंगडासकट सगळी हकीकत आधी पढवलेली होती. या प्रकरणातले लष्करी वस्तूंचे दोन व्यापारी-तज्ज्ञ, रसेल प्रिचर्ड आणि जॉर्ज जूनो, यांच्याशी निर्मात्या संस्थेने २००० मध्ये संबंध तोडले. २००१ मध्ये संघीय आरोपपत्र आले, दोघांनी गुन्हे कबूल केले आणि प्रिचर्डला २००२ मध्ये एक वर्षाची कैद झाली.

पण कैद कलिंगडाच्या गोष्टीपायी झाली असे समजू नये. खरा गुन्हा कॅमेऱ्याच्या मागे घडला होता. पडद्यावर मिळवलेल्या विश्वासाच्या बळावर या मंडळींनी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या वारसांकडून वस्तू मिळवल्या, त्यांची किंमत मुद्दाम कमी सांगितली आणि चढ्या भावाने पुढे विकल्या. गेटिसबर्गच्या लढाईत ज्याच्या नावाने एक हल्ला ओळखला जातो त्या जनरल पिकेटच्या वस्तू त्याच्या वंशजाकडून नव्वद हजार डॉलरांहून कमी किमतीत घेतल्या गेल्या आणि हॅरिसबर्ग शहराने उभारलेल्या संग्रहालयासाठी आठ लाखांहून अधिक किमतीला विकल्या गेल्या. अभ्यासकाने इथे थांबून पाहावे. पडद्यावर जे खोटे होते त्याने थेट कुणाचे पैसे बुडाले नाहीत. पडद्याबाहेरचा व्यवहार मात्र कागदोपत्री अगदी 'खरा' होता. वस्तू खरी, विक्री खरी, धनादेशही खरे. खोटी होती ती तज्ज्ञाची निष्ठा, आणि ती निष्ठा तपासायला प्रेक्षकाकडे काहीच साधन नव्हते.

याच कार्यक्रमातला दुसरा प्रसंग नेमका उलटा आहे, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन इथे २०१५ मध्ये एकाने विद्रूप चेहऱ्यांचा मातीचा घडा आणला. त्याने तो एका जुन्या मालमत्तेच्या विक्रीत घेतला होता. तज्ज्ञाने घडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा असावा असे सांगून किंमत ३०,००० ते ५०,००० डॉलर लावली. भाग प्रसारित झाल्यावर कळले, की ओरेगनमधल्या एका बाईंनी तो १९७० च्या दशकात शाळेच्या कुंभारकामाच्या वर्गात घडवला होता. इथे कुणी कुणाला पढवले नव्हते. भेट खरी होती, आनंद खरा होता, तज्ज्ञाचा हेतू खरा होता. चुकले होते ते वस्तूचे वय. कार्यक्रमाने जाहीर दुरुस्ती केली आणि किंमत ३,००० ते ५,००० वर आणली. मला या दुरुस्तीपेक्षा दुरुस्त आकडा अधिक बोलका वाटतो. शाळकरी मुलीच्या घड्याला त्यानंतरही काही हजार डॉलर लावावेसे वाटले, ते मातीला, कारागिरीला की दूरचित्रवाणीवर झळकल्याला? कार्यक्रम वस्तूची किंमत केवळ सांगत नाही, थोडीफार घडवतोही. या विषयावर एखाद्याने प्रबंध लिहावा.

भेट 'ठरवलेली' असणे हा सर्वांत जास्त चघळला गेलेला आणि माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. 'अमेरिकन पिकर्स'मध्ये माइक वुल्फ आणि दिवंगत फ्रँक फ्रिट्झ गाडीतून फिरताना एखादे शेत, गंजलेल्या मोटारी, कलती कोठी बघायचे आणि थेट जाऊन दार ठोठावायचे. दार उघडते ते दृश्य मात्र कधीकधी घराच्या आतून टिपलेले असते. म्हणजे पाहुणे यायच्या आधी कॅमेरा दिवाणखान्यात बसलेला. शिवाय कार्यक्रमाचे निर्माते अमेरिकेतल्या स्थानिक वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे आवाहन करत आले आहेत : खासगी संग्रह असतील तर कळवा, दुकाने, लिलावगृहे, संग्रहालये नकोत. यात लपवाछपवी नाही. ज्याच्या घरात चित्रीकरण करायचे त्याची लेखी संमती लागते, प्रकाशयोजना लागते, विमा लागतो. अवचित भेट ही या प्रकारातली नाट्यसंमत कल्पना आहे, नाटकातल्या स्वगतासारखी.

माहितीपटाच्या इतिहासात याला जुनी वंशावळ आहे. रॉबर्ट फ्लाहर्टीच्या १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये बर्फाच्या घराची एक बाजू उजेडासाठी उघडी ठेवली होती आणि बंदुका वापरणाऱ्या शिकाऱ्यांकडून जुन्या पद्धतीची भाल्याची शिकार करवून घेतली होती. तरीही त्या चित्रपटाला आपण माहितीपटाच्या परंपरेतून हाकलून दिलेले नाही. समाजशास्त्रज्ञ डीन मॅक्कॅनेल यांनी १९७३ मध्ये पर्यटनाबद्दल मांडलेली कल्पना इथे फार उपयोगी पडते : पाहुण्याला पडद्यामागचे बघायचे असते, म्हणून यजमान त्याच्यासाठी खास एक 'पडद्यामागचे' सजवून ठेवतात. गहाण-पेढीची मागची खोली हे असेच सजवलेले पडद्यामागचे आहे. प्रेक्षक यात भोळा असतो असेही नाही. ॲनेट हिल यांनी २००५ च्या आपल्या पुस्तकात ब्रिटिश प्रेक्षकांचा अभ्यास मांडला. त्यात दिसते की लोक असे कार्यक्रम अविश्वास मनात धरूनच बघतात आणि त्या बनावात एखादा खरा क्षण निसटतो का, यावर डोळा ठेवतात. आजोबांचे पदक विकताना बाईचा आवाज कापतो, तो क्षण दिग्दर्शकाला ठरवता येत नाही. किमान दरवेळी तरी नाही.

'स्टोरेज वॉर्स'पाशी आले की हा सहिष्णुपणा पुरेसा पडत नाही, कारण तिथे प्रश्न स्पर्धेचा होतो. अमेरिकेत भाड्याची कोठारे असतात. भाडे थकले की ठरावीक नोटिसांनंतर मालक आतल्या मालाचा लिलाव करू शकतो. कुलूप तोडतात, बोली लावणाऱ्यांना दारातूनच काही मिनिटे आत डोकावू देतात, आत पाऊल टाकायचे नाही, वस्तूला हात लावायचा नाही, मग बोली. कार्यक्रमातला एक मुख्य खरेदीदार डेव्ह हेस्टर याने डिसेंबर २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा लावला. निर्माते कोठारांत मौल्यवान वस्तू आधीच पेरून ठेवतात आणि आपण तक्रार केल्यामुळे आपल्याला काढले, असा त्याचा आरोप होता. पेरलेल्या वस्तूंच्या उदाहरणांत त्याने कचऱ्याखाली गाडलेली एक बीएमडब्ल्यू मिनी मोटार आणि एल्विस प्रेस्लीच्या मृत्यूची बातमी असलेली वर्तमानपत्रे सांगितली होती. वाहिनीचा बचाव अभ्यासकाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. आम्ही असे करत नाही, यापेक्षा अशा कार्यक्रमाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, यावर त्यात भर होता. मार्च २०१३ मध्ये न्यायाधीशांनी अनुचित व्यापाराचा भाग याच आधारावर फेटाळला. उरलेले प्रकरण २०१४ मध्ये तडजोडीने मिटले आणि हेस्टर कार्यक्रमात परतलाही. म्हणजे वस्तू पेरल्या गेल्या की नाही, याचा निवाडा कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही. ज्यांना 'सिद्ध झालं' असे म्हणायची घाई असते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

हेस्टरच्या दाव्याला धार होती ती एका जुन्या कलमामुळे, आणि त्या कलमाचा जन्म समजून घेतल्याशिवाय या क्षेत्रात पुढे जाऊ नये. १९५० च्या दशकात अमेरिकेत प्रश्नमंजूषांची लाट होती. एनबीसीच्या 'ट्वेंटी-वन'मध्ये डिसेंबर १९५६ मध्ये हर्बर्ट स्टेम्पल या स्पर्धकाला हरायला सांगण्यात आले. १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर 'मार्टी'ला मिळाला हे त्याला पक्के ठाऊक होते. 'मार्टी' त्याच्या आवडीचा होता. तरी त्याने 'ऑन द वॉटरफ्रंट' असे चुकीचे उत्तर दिले. जिंकलेला चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठातला देखणा तरुण अध्यापक. त्याला उत्तरे आधीच दिली जात असल्याचे त्याने नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केले. १९६० मध्ये दूरसंचार कायद्यात कलम ५०९ आले. बौद्धिक ज्ञान, बौद्धिक कौशल्य किंवा दैव यांवर चालणाऱ्या स्पर्धांत प्रेक्षकाला फसवण्याच्या हेतूने आधी निकाल ठरवणे हा गुन्हा झाला. मग प्रश्न उरतो : कोठाराचा लिलाव ही बौद्धिक कौशल्याची स्पर्धा, की दैवाची, की स्पर्धाच नाही? वकिलांनी या प्रश्नावर शाई खर्च केली आहे. दूरचित्रवाणीच्या अभ्यासकांनी अजून पुरेशी केलेली नाही.

आता किंमत. माझ्या मते या क्षेत्राचा गाभा इथे आहे. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत आले आहेत. भोवती शंभर माणसे असली तरी आकडा दोघांतच राहतो. दूरचित्रवाणीने नेमका तो रुमाल उचलला आणि म्हणूनच हे कार्यक्रम चालले. पण रुमाल उचलल्यावर दिसतो तो आकडा कसला, हे पाहायची तसदी फार थोडे जण घेतात. 'अमेरिकन पिकर्स'मध्ये खरेदीनंतर एक हिशोब झळकतो : इतक्याला घेतले, इतक्याची किंमत, इतका नफा. 'स्टोरेज वॉर्स'च्या शेवटी प्रत्येक खरेदीदाराचा फायदा-तोटा मांडला जातो. हा नफा झालेला नसतो. ती वस्तू विकली गेलेलीच नसते. तो केवळ अंदाज असतो, बहुधा किरकोळ विक्रीचा आणि बहुधा आशावादी. त्यातून मालवाहतूक, डागडुजी, दुकानाचे भाडे, लिलावगृहाची दलाली आणि गिऱ्हाइकाची वाट बघण्यात गेलेली वर्षे वजा केलेली नसतात. जुन्या बाजारात दहा वर्षे बसलेला कुणीही व्यापारी सांगेल, की धंद्यातला सर्वांत मोठा खर्च न विकल्या गेलेल्या मालाचा असतो. या एका बाबतीत मला कार्यक्रमकर्त्यांना माफ करावेसे वाटत नाही. दार आतून चित्रित केले तर प्रेक्षकाचे काही जात नाही. अंदाजाला नफा म्हटले तर जाते.

दुसऱ्या पद्धतीही आहेत, आणि त्या अमेरिकेबाहेर सापडतात. बीबीसीच्या 'बार्गेन हंट'मध्ये, २००० पासून, दोन जोड्या ठरावीक रक्कम आणि एक तास घेऊन जुन्या वस्तूंच्या जत्रेत खरेदी करतात आणि त्याच वस्तू पुढे खऱ्या लिलावात विकल्या जातात. हातोडा पडतो तीच किंमत. बहुतेक वेळा जोड्या तोट्यात जातात, कारण जत्रेतला विक्रेता त्याचा नफा आधीच काढून बसलेला असतो. रोज दुपारी तोटा दाखवणारा हा कार्यक्रम दोन दशकांहून अधिक काळ टिकला, हे ब्रिटिश स्वभावाबद्दल बरेच सांगते. जर्मनीत झेडडीएफ वाहिनीवर २०१३ पासून चालणाऱ्या 'बारेस फ्यूर रारेस'ने तर पारख आणि खरेदी यांची खोलीच वेगळी केली. आधी तज्ज्ञ वस्तू तपासून किंमत सांगतो, मग विक्रेता व्यापाऱ्यांपुढे जातो, आणि त्या व्यापाऱ्यांना तज्ज्ञाने लावलेली किंमत ठाऊक नसते. ते स्वतःच्या खिशातून बोली लावतात. लास वेगासच्या पेढीत तज्ज्ञाला बोलावतो तो विकत घेणारा. इथे तज्ज्ञ आधी विकणाऱ्याशी बोलतो. रचनेतला एवढाच फरक, पण कुणाच्या हाती कोणती माहिती आहे ते त्याने पार बदलते.

माहितीच्या या असमानतेवर जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन प्रसिद्ध निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. या शंकेने भाव पडतात आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. या निबंधासाठी त्यांना पुढे २००१ मध्ये नोबेल मिळाले. जुन्या संग्राह्य वस्तूंच्या कार्यक्रमांत ही मांडणी उलटी होते. इथे अज्ञान विकणाऱ्याच्या बाजूला असते. मोटारीचा मालक गाडी ओळखतो; आजीच्या पेटीचा वारस पेटी ओळखत नाही. घेणारा व्यापारी जाणकार, विकणारा अजाण, आणि मधे कॅमेरा. कधीकधी 'पॉन स्टार्स'चा रिक हॅरिसन विक्रेत्याला सांगतो, की तू मागतोस त्याहून या वस्तूची किंमत जास्त आहे. असे प्रसंग प्रेक्षकांना फार आवडतात. कॅमेरा नसता तर तो असे म्हणाला असता का, हा प्रश्न मी अनुत्तरितच ठेवतो; पण कॅमेऱ्यामुळे माणूस प्रामाणिक वागला तर ते प्रामाणिकपण खोटे कसे, हेही विचारून पाहावे. या पेढीबद्दल आणखी एक गोष्ट जाता जाता : गहाण-पेढीचा मूळ धंदा तारण ठेवून कर्ज देण्याचा, पण कार्यक्रमात जवळजवळ प्रत्येक जण वस्तू विकायलाच आलेला असतो. कर्ज मागायला आलेला माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे धंद्याचा मोठा भाग पडद्यावर येतच नाही.

वस्तूच्या खरेपणाचा प्रश्न आजकाल प्रमाणपत्रांवर सोपवला जातो. बेसबॉलची चित्रपत्रे, कॉमिक पुस्तके, खेळणी प्लास्टिकच्या कवचात बंद करून त्यांना दर्जाचे अंक देणाऱ्या कंपन्या अमेरिकेत उभ्या राहिल्या आणि कार्यक्रमांतले व्यवहार त्या अंकांवर चालू लागले. पण त्या धंद्याच्या पायाशीच एक किस्सा आहे. होनस वॅग्नर या खेळाडूच्या सिगारेटच्या पाकिटातल्या एका दुर्मीळ पत्राला १९९१ मध्ये पीएसए या कंपनीने उत्तम दर्जा दिला आणि पुढे २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना विकले गेले. त्याच्या कडा आपण कापून सारख्या केल्या होत्या, हे लिलावदार बिल मास्ट्रो याने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले. पत्र अस्सल होते, छपाई अस्सल होती, दर्जा मात्र कात्रीने दिलेला. गंमत अशी, की कबुलीनंतरही ते पत्र जगातले सर्वांत प्रसिद्ध वॅग्नर पत्र राहिले.

कोठारात खजिना सापडतो हे खोटेच, असे ठरवून टाकणाऱ्यांसाठीही एक प्रकरण आहे. अभिनेता निकोलस केज याच्या घरातून २००० मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक चोरीला गेला. १९३८ चा, सुपरमॅनच्या पहिल्या दर्शनाचा. एप्रिल २०११ मध्ये तो लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात एका कोठारातल्या मालात सापडला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात २१ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला. 'स्टोरेज वॉर्स' तेव्हा पहिल्या-दुसऱ्या हंगामात होता आणि त्याच कॅलिफोर्नियात चित्रित होत होता. कोणत्याही लेखकाने असा प्रसंग संहितेत घातला असता तर आपण नाक मुरडले असते. मात्र या खजिन्याला मालक होता आणि त्याच्या घरी चोरी झाली होती. कोठारातल्या प्रत्येक पेटीमागे कुणीतरी भाडे थकवलेला, घटस्फोट झालेला, आजारी पडलेला किंवा मेलेला माणूस असतो, ही गोष्ट कार्यक्रम कधीच सांगत नाहीत.

सिद्धान्ताच्या बाजूने एकच पुस्तक आधी वाचायचे असेल तर मी मायकेल थॉम्प्सन यांचे १९७९ चे 'रबिश थिअरी' सुचवीन. एकोणिसाव्या शतकात कॉव्हेंट्रीत यंत्रावर विणलेली स्वस्त रेशमी चित्रे पुढे कवडीमोल कशी झाली आणि मग संग्राहकांच्या हाती महाग कशी ठरली, येथून ते सुरू होते. थॉम्प्सन यांचे म्हणणे असे, की वस्तूची किंमत घसरत घसरत शून्याला जाते. ती कचरा होते, कुणाच्या नजरेत राहत नाही, आणि या अदृश्य काळातूनच तिला पुढे टिकाऊ मोल मिळू शकते. हे कार्यक्रम म्हणजे या स्थित्यंतराचे चित्रीकरण आहे. कचरा संग्राह्य होतो तो क्षण ते पकडतात, कधी घाईने पुढे ओढतात. त्यासोबत अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेला १९८६ चा 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज' हा ग्रंथ वाचावा. मुंबईत जन्मलेल्या या अभ्यासकाच्या ग्रंथाने वस्तूंचे चरित्र लिहिता येते हा विचार मानवशास्त्रात रुजवला.

आपल्याकडे असा कार्यक्रम रुजेल का, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. कायद्याचे बघावे लागेल. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलाखजिना कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते, पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकी कार्यक्रमांतला बिनधास्तपणा इथे जमणार नाही. शिवाय बनावटीच्या कलेत आपण कुणाला हार जाणारे नाही. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, चकचकीत पितळी कर्ण्याचे 'जुने' ग्रामोफोन रांगेने मांडलेले असतात. भारतात नव्याने जुळवलेली अशी यंत्रे परदेशातल्या बाजारांतही पोचली आहेत आणि तिथले संग्राहक एकमेकांना त्यांपासून सावध करत असतात. तेव्हा या विषयात आपण केवळ प्रेक्षक नाही, पुरवठादारही आहोत.

सुरुवात कुठून करावी, हे विचारणाऱ्याला एक सोपा मार्ग सांगतो. अमेरिकी 'रोडशो' आपले जुने भाग पुन्हा दाखवतो आणि त्यात तेव्हाच्या अंदाजाशेजारी आजचा अंदाज छापतो. नव्वदीच्या दशकात हजारोंना लावलेले कपाट आज निम्म्यावर आलेले दिसते, तर एखादे पोस्टर किंवा घड्याळ अनेकपट वाढलेले असते. एवढी सामग्री आयती हाताशी असताना तिचा पद्धतशीर अभ्यास कुणीही घ्यावा. वही घेऊन बसावे. प्रत्येक आकड्यापुढे लिहावे की हा मागितलेला भाव, दिलेला भाव, हातोड्याचा भाव की नुसता अंदाज. थोडेच भाग पाहिले तरी 'ठरवलेलं असतं ना?' या प्रश्नाऐवजी हातात बरे प्रश्न येतील.

आणि एक आग्रह. या क्षेत्रात वस्तूंबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, व्यापाऱ्यांबद्दल आणि वाहिन्यांबद्दलही. विकणाऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. कॅमेरा गेल्यावर तो त्या पैशांचे काय करतो, वस्तू दिल्याचा त्याला पस्तावा होतो का, त्याला सांगितलेली किंमत त्याने कुठे पडताळली का, हे कुणी जाऊन विचारलेले नाही. पिकेटच्या वंशजाने विचारले म्हणून ते प्रकरण बाहेर आले. जो अभ्यासक कार्यक्रमातल्या विक्रेत्यांना वर्ष-दोन वर्षांनी गाठून त्यांच्याशी बोलेल, त्याच्या हातून या विषयावरचे पुढचे महत्त्वाचे काम होईल. ते काम आपल्यापैकी कुणीतरी अंगावर घ्यावे.